रोह्यापलीकडची हद्द

पेणहून निघालेली गाडी कासू, नागोठणे मागे टाकून रोह्यास पोहोचते. येथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते. प्रवाशास त्याचा पत्ताही लागत नाही. विम्याची हद्द मात्र अशी मुकाट ओलांडता येत नाही.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले, तेव्हा अर्थमंत्री रोह्याचेच चिंतामणराव देशमुख होते. आज त्याच रोह्यातून आईवडील मुलांकडे दुबई-अमेरिकेस निघतात. घरची आरोग्य पॉलिसी बहुधा भारतातील उपचारांपुरतीच असते. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाने विमा काढावयाचा, तो कर्मचाऱ्याचा. पाहुण्या आईवडिलांची सोय वेगळी करावी लागते. प्रवासविम्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणून रक्तदाब अर्जात लिहावा की नाही यावर पेठेत कुजबुज चालते. लिहावाच, लपविलेला आजार दावा बुडवितो.

परदेशी जाणारी गणेशमूर्ती कशी बांधावी, हे पेणचा कारागीर जाणतो. माणसांच्या पाठवणीत पापड-पोह्यांनी पेट्या भरतात. हातपिशवीत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी आणि विमा कंपनीचा मदत-क्रमांक हवा. रुग्णालयात दाखल होताना पहिला फोन तेथेच करावयाचा असतो.