हौसाची घागर

आईला ग्रीन कार्डावर न्यायचं तर मुलगा अमेरिकेचा नागरिक हवा, एकविशी ओलांडलेला हवा आणि ही आपलीच आई, याचा कागद हवा. पहिल्या दोन गोष्टींत मी बसत होतो. तिसरीवर घोडं अडलं. आय-130 अर्जावर ‘आरएफई’ आली, म्हणजे आणखी पुरावा द्या. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हौसा, तिच्या पासपोर्टवर शालिनी. या दोघी एकच कशावरून? मुदत 84 दिवस. ती वाढवून मिळत नाही, आणि द्यायचं ते सगळं एकदाच द्यायचं.

आता यात विचारण्यासारखं काय आहे, असं पलूसमधलं शेंबडं पोरही म्हणेल. माहेरची हौसा, लग्नात शालिनी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, भिलवडीला. 1973 साली माझी नोंद करायला मामा गेला, आणि त्याच्या तोंडात बहिणीचं नाव हौसाच. लग्नपत्रिका मामाच्या ट्रंकेत होती. 2019 च्या महापुरात तिचा लगदा झाला.

दाखल्यानं भागत नसेल तर प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडता येतात. मी रजा टाकून आलो. एक मामाचं झालं. दुसऱ्यासाठी आई म्हणाली, “आक्काकडं जा.”

शेजारची आक्काही भिलवडीचीच, आईच्या आधी दोन वर्षं पलूसला दिलेली. वडिलांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘शालिनी’ लिहिलं, तेव्हा ताट तिनंच धरलं होतं.

नोटरीनं तिची जन्मतारीख विचारली.

“पत्री सरकार हुतं तवाची.”

पत्री सरकारचं कुंडल आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे नोटरीला हे उत्तर नवं नसावं. त्यानं मुकाट आधार कार्ड मागितलं. त्यावर 1 जानेवारी. (आमच्या पिढीला मास्तरांनी 1 जून दिली, हिच्या पिढीला आधारवाल्यानं 1 जानेवारी.) आक्कानं अंगठा उठवला, पण तिचं समाधान होईना.

“निस्त्या अंगठ्यावर इस्वास ठेवतील व्हय ती?”

घरी येऊन तिनं परड्यातून तांब्याची घागर आणली. काळीठिक्कर. चिंचेचा कोळ लावून काठाखाली घासत बसली, तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली : चि. सौ. कां. हौसा हिस मामांकडून, 1971.

“आईची घागर तुझ्याकडं कशी?”

आक्का थोडा वेळ घासतच राहिली. मग म्हणाली, “भात्तरच्या दुष्काळात ठेवून गेली हुती. दोन पायल्या जुंधळं न्हेलं. तवा तू पोटात हुतास.”

आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही. घागरीचे फोटो काढले, अक्षरांचा इंग्रजी तरजुमा करून खाली तरजुमा करणाऱ्याची सही घेतली, दोन्ही प्रतिज्ञापत्रांसोबत जोडला. घागर सोडवून घ्यावी म्हणून आक्कापुढे पैसे धरले, तर तिनं माझा हात खाली केला. “पाणी कशात भरू मग?”

अर्ज मंजूर झाल्यावर पहिला फोन आईला केला, दुसरा आक्काला.

“तिकडं नाव काय लावलं तिचं?”

“शालिनी.”

“मग हौशी हितंच ऱ्हायली म्हणायची,” आक्का म्हणाली. नळाला पाणी आलं होतं, तिनं फोन ठेवला.