मालकालाच न ओळखणारा टेम्पो

रमजानमध्ये तरावीहची नमाज चालू असते आणि मशिदीबाहेर एखाद्या मोटारसायकलचा अलार्म वाजू लागतो. बहुतेक वेळा सीटवर मांजर चढलेली असते, नाहीतर एमआयडीसीकडे जाणारा जड ट्रक शेजारून गेलेला असतो. सलाम फिरवला की पाच-सहा जण एकदमच खिशातला रिमोट दाबतात, कारण सगळ्यांच्या गाड्यांचा आवाज एकच. चोर आला असेल असं कुणाच्याही मनात येत नाही. एकदा तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी बंद झाली. स्वस्त रिमोट दर वेळी तोच एक ठरलेला कोड पाठवतात, त्यामुळे असं होऊ शकतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

माझा धाकटा भाऊ बोईसरला राहतो. मुरब्याच्या बंदरावरून मासळी उचलून बाजारात पोहोचवायची, हा त्याचा धंदा. त्याचा पहिला टेम्पो घरासमोरून रात्रीत चोरीला गेला. विमा कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या. दुसरी चावी कधीच हरवलेली होती, आणि तेवढ्यावरून प्रकरण वर्षभर लोंबकळलं. म्हणून दुसरा टेम्पो घेतला तेव्हा अम्मीने आधी त्याला सिक्युरिटी बसवायला पाठवलं. उंट बांधण्याची हदीस आमच्या घरात अशा वेळी हमखास निघते.

दुकानदाराने अर्ध्या तासात काम उरकलं. सायरन, रिमोट आणि ज्याला तो ‘इंजिन लॉक’ म्हणत होता तो डबा. डब्यात एक रिले असतो. सेल्फची आणि डिझेल सोलेनॉइडची वायर मध्ये कापून त्या रिलेतून फिरवतात. रिमोटने उघडल्याशिवाय करंट पुढे जात नाही. कल्पना चांगली आहे. पण कापलेल्या वायरी त्याने पिळून, वर काळी टेप गुंडाळून सोडल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिला त्रास मासेमारी बंदीत झाला. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस टेम्पो उभा. अलार्म बंद गाडीतही थोडा करंट खातच असतो. तो 20 मिलीअँपियर धरला तरी 61 दिवसांत जवळपास 29 अँपिअर-तास होतात. एवढ्यात छोट्या गाडीची बॅटरी बसणारच. ऑगस्टमध्ये धक्का मारायला गल्लीतली पोरं होती, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

मग थंडीतली ती पहाट आली. त्या दिवशी मीही सोबत होतो. मुरब्याला बोटी लागल्या होत्या, पापलेट आणि बोंबलाच्या पाट्या बर्फासकट टेम्पोत चढल्या होत्या. भावाने चावी फिरवली, काही नाही. रिमोट दाबला, सायरनने टुकटुक करून गाडी उघडल्याचं सांगितलं, पण सेल्फ गप्प. धक्का मारला, तरी सोलेनॉइडलाच करंट नाही तर इंजिन कसं उठणार? बोंबील तर थांबत नाही. पाट्यांखालून पाणी गळू लागलं आणि ज्या मावशींचा माल होता त्या पाटीवर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या. पैसे त्यांचे बुडणार होते, आणि चूक आमच्या गाडीची.

तीन तासांनी बोईसरहून वायरमन चाचा आले. डॅशबोर्डखाली हात घातला, टेप सोलली. आत तांब्यावर हिरवा थर चढला होता. खाऱ्या हवेने जोड खाऊन टाकला होता. त्यांनी रिलेच्या वायरी बाहेर ओढल्या, थेट एकमेकींना जोडल्या, आणि टेम्पो सुरू. दोन मिनिटं लागली असतील.

मावशी म्हणाल्या, ‘‘चोराला बरं आहे रे, त्याला रिमोट लागत नाही.’’

तेव्हापासून ते दोन मिनिट माझ्या डोक्यात आहेत. ज्या डब्याने मालकाला तीन तास अडवलं, तो जाणत्या हाताला दोन मिनिटंही अडवू शकला नाही. गाडीसोबत कारखान्यातून येणारा इमोबिलायझर वेगळा असतो. चावीतल्या चिपचा कोड पटला नाही तर इंजिनाचा कंप्युटरच इंधन देत नाही. तिथे जोडून टाकायला अशी सुटी वायर नसते. म्हणून बाहेरून बसवलेलं सगळं टाकाऊ असंही मी म्हणणार नाही. कॅनडातल्या विनिपेगमध्ये मोटारचोऱ्यांनी कहर केला होता. तिथे 2007 पासून चोरांच्या आवडत्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा केला, सरकारी विमा महामंडळाने तो फुकट बसवून दिला, आणि चोऱ्या खूप घटल्या. पण तिथे यंत्र मान्यताप्राप्त होतं आणि बसवणारेही. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयची मान्यता असलेल्या यंत्राला विम्यात सवलत आहे, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त 500 रुपये. भावाच्या डब्यावर मान्यतेचं कसलंच चिन्ह नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. सायरन किती मोठा वाजतो, एवढंच विचारलं होतं.

मावशींच्या मालाचे पैसे भावाने दोन हप्त्यांत भरून दिले. त्या नको म्हणत होत्या. अलार्म काढून टाकला. रिले ठेवला, पण चाचांनी जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली आणि डबा ओल लागणार नाही अशा जागी वर सरकवला. शिवाय एक साधं लोखंडी गिअर लॉक घेतलं. ते ओबडधोबड आहे, पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि बिघडलं तर नेमकं काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं.

मुरब्याला मात्र नवा नियम झाला आहे. टेम्पो बंदरावर लागला की मावशी आधी भावाला तो एकदा बंद करून पुन्हा चालू करायला लावतात. मगच पहिली पाटी चढते.