तीन गुंठे आणि एक चिंच

गेली एकवीस वर्षं मी बँकेत बसून दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद तपासतो आहे. सातबारा खरा की खोटा, हे मला नुसत्या वासावरून कळतं अशी आमच्या शाखेत माझी ख्याती आहे. (ती मीच पसरवली, ही गोष्ट वेगळी.) पण स्वतःच्या मालकीची म्हणाल, तर आईची तुळशीची कुंडी सोडून दुसरी माती आमच्या घरात नव्हती. वडिलांची हयात वाईत भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. मालक दर पाडव्याला "यंदा खोल्या रिकाम्या करा बरं का" म्हणायचा. त्यामुळे समोर अंगण असूनही आईनं तुळस कधी जमिनीत लावली नाही. ती कुंडी आता साताऱ्याला आमच्याबरोबर भाड्याच्या घरात आहे.

म्हणून एजंट जेव्हा म्हणाला, "साहेब, वाईत प्लॉट आहे, बिनशेती, तीन गुंठे, स्टँडपासून पाच मिनिटं," तेव्हा मी त्याच रविवारी आईला आणि हिला घेऊन निघालो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, एक नारळ कबूल केला आणि स्टँडपासून चालायला लागलो. पाच मिनिटं संपली, पंधरा संपली, पसरणी घाटाचा रस्ता समोर दिसायला लागला. ती पाच मिनिटं एजंटाच्या मोटारसायकलची होती, हा खुलासा पंचविसाव्या मिनिटाला झाला.

"गाव इकडंच वाढतंय," तो म्हणाला. महाराष्ट्रातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या, ते एजंटाच्या प्लॉटच्या दिशेनंच वाढत असतं.

प्लॉट म्हणजे चार खुंट्या, दोन शेळ्या आणि मधोमध एक थोरली चिंच. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस, 1089 चौरस फूट. त्याला तीननं गुणून मी आकडा सांगेपर्यंत हिनं स्वयंपाकघर कुठं, ते ठरवून टाकलं होतं. आई मात्र काही न बोलता चिंचेखाली बसली. तिथून उठायला तिनं जो वेळ लावला, तो पाहूनच मी मनात प्लॉट घेऊन टाकला.

आता आली का पंचाईत! घरी येऊन सातबारा उघडला (हल्ली तो मोबाईलवरही दिसतो, पण मला कागदच लागतो), तर विकणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक नाव.

"आत्या हो त्याची," एजंट म्हणाला. "तिनं हक्क सोडलाय."

"हक्कसोडपत्र?"

"तोंडी."

बँकेत असलं प्रकरण मी चहासुद्धा न विचारता परत पाठवतो. हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं. वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे काउंटरवर मी किती जणांना ऐकवलं असेल! आणि तोच मी खुर्चीत बसून म्हणालो, "चालायचंच. सख्खी आत्याच तर आहे."

ही भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुमच्या सख्ख्या आत्यानं सोडला असता?"

माझ्या आत्यानं लग्नातली पितळी परात अजून सोडलेली नाही.

दुसऱ्या रविवारी भाच्याला पुढं घालून आम्ही भिलारला गेलो. आत्याबाई ओसरीवर स्ट्रॉबेरी निवडत होत्या. जमीन विकली जातेय, हे त्यांना आमच्याकडूनच कळलं. भाचा कौलं मोजायला लागला. मी घसा साफ करून कायदा सांगणार, एवढ्यात त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि आईला विचारलं, "काय लावणार तिथं?"

"तुळस," आई म्हणाली. "कुंडीतली. जमिनीत लावायचीय."

आत्याबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लावा. पण चिंचेला हात लावायचा न्हाई. माझ्या आईनं लावलीया."

सही द्यायला त्या कबूल झाल्या. म्हणजे वाटाही सोडला असं समजू नका! तो त्यांनी चोख घेतला, दोनदा मोजून. खरेदीखताच्या दिवशी कचेरीत फोटोला बसल्या त्या पदर नीट करून, ऐटीत. भाच्याचा फोटो मात्र पासपोर्टवर येतो तसा आला.

आता अडचण एवढीच, की जिथं दिवाणखाना यायचा तिथं चिंच आहे. नकाशा काढणाऱ्यानं तीनदा नकाशा बदलला. चौथ्यांदा त्यानं मलाच पेन्सिल दिली. त्यामुळे घर अजून कागदावर आहे. तुळस मात्र जमिनीत गेली. रविवारी आम्ही डबे घेऊन जातो आणि होणाऱ्या दिवाणखान्यात, म्हणजे चिंचेखाली, जेवतो.

शिमगा झाल्यावर एके रविवारी आत्याबाई पाटी घेऊन दारात, म्हणजे दोन खुंट्यांच्या मध्ये, उभ्या राहिल्या. चिंचा उतरवायला आल्या होत्या.

आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "उन्हाच्या आलात. स्टँडपासून फार चालावं लागलं असेल."

"छे गं, पाच मिनिटं!" आत्याबाई म्हणाल्या.

मागं एजंट मोटारसायकल स्टँडला लावत होता.