आसाची जागा

सायकलची चौकट बांधून घेताना माझा सर्वाधिक वेळ गेला तो मागच्या चिमट्याच्या टोकांना जोडायच्या दोन पोलादी तुकड्यांवर. त्यांना ड्रॉपआउट म्हणतात. चाकाचा आस त्यांच्या खाचेत बसतो. एकदा डाग दिला की निवड जवळजवळ कायमची.

फिक्स्ड गिअरच्या सायकलला फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पायांना विसावा नाही. साखळी सैल होऊन निसटली, तर चाक अडकू शकते. साखळी ताणून धरणारा डिरेल्युअर येथे नाही; आस मागे सरकवूनच ताण साधावा लागतो. म्हणून उभी खाच बाद. साखळीची कड्यांची एक जोडी काढली की आस सुमारे १२.७ मिलिमीटर पुढे येतो. आडव्या खाचेत निदान तेवढी मोकळीक हवी.

वेलोड्रोमवरच्या सायकलींची खाच मागे उघडते. साखळीने कितीही ओढले, तरी आस पुढून निसटत नाही. पण चाक मागे काढताना मडगार्ड आड येते. पुढे उघडणाऱ्या खाचेतून ते सुखाने निघते. आस धरून ठेवण्याची भिस्त मात्र सगळी नटांवर.

मी पुढे उघडणारी खाच घेतली. पंक्चर झालेले चाक भर पावसात, रस्त्याच्या कडेला, मला एकट्यालाच काढायचे आहे. साहित्यचर्चेत ज्याला आपण घाट म्हणतो, तो येथे त्या एका अडचणीने ठरवला.