इकेदाची झोपडी व रात्रीचा वाडगा

ओसाकाच्या उमेदा स्थानकावरून हांक्यू आगगाडीनें निघालें म्हणजे सुमारें वीस मिनिटांत इकेदा हें टुमदार गांव लागतें. गेल्या चैत्रांत आम्ही तिकडे नोकरीस असलेल्या चिरंजीवांकडे गेलों होतों. क्योतोचीं देवालयें आधीं पाहावीं असा आमचा मनोदय. पण चिरंजीवांनीं आम्हांस प्रथम नेलें तें इकेदाच्या शेवयांच्या संग्रहालयांत!

तेथें एका झोपडीची प्रतिकृति आहे. मोमोफुकू आंदो या गृहस्थांनीं आपल्या घरामागें अशीच झोपडी उभारून, शिजविलेल्या शेवया तेलांत तळून वाळविण्याची युक्ति १९५८ सालीं सिद्धीस नेली. पत्नी तेंपुरा, म्हणजे तिकडील भज्यांचाच प्रकार, तळीत असतां त्यांस ही कल्पना सुचली असें सांगतात. तळतांना शेवयांतील पाणी वाफ होऊन निघून जातें व सूक्ष्म छिद्रें मागें राहतात. त्यांत उकळतें पाणी शिरलें कीं शेवया पुन्हा मऊ होतात. आंत काय, तर कढई, पातेलीं, चाळणी. कोणाही गृहिणीच्या ओळखीचीं साधनें!

कौतुक झालें, परंतु त्याच रात्रीं चिरंजीवांच्या फडताळांत याच शेवयांच्या पाकिटांची चळत दिसली, आणि तिच्यामागें रक्तदाबाच्या गोळ्या. वय अवघें चौतीस. मातोश्रींस यांतील अक्षरही कळविलेलें नव्हतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें. तिकडील कित्येक पाकिटांपैकीं एकाच पाकिटांत तेवढें मीठ असतें, आणि त्यांतील बहुतेक रश्श्यांत उतरतें. मसाल्यांत कोंबडीचा अर्कही होता. त्याविषयीं आम्हीं विचारलें नाहीं, त्यांनीं सांगितलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत जन्म गेल्यामुळें चुलीपाशीं जाण्याचा प्रसंग आम्हांवर कधीं आला नव्हता. दुसऱ्या रात्रीं मात्र आला. चिरंजीव कामावरून दहाला परतत. त्यापुढें स्वयंपाक करा म्हणणें हा उपदेश व्यर्थच. म्हणून शेवया राहूं दिल्या, पण अर्ध्याच. त्या निराळ्या पाण्यांत उकळून तें पाणी टाकून दिलें. दुसऱ्या पातेल्यांत आलें, मिरीं, कोबी, गाजर व पालेभाजी यांस चार उकळ्या आणल्या. संस्कृतांत ‘सूप’ म्हणजे डाळीचें वरण. डाळीवांचून सूप हें नांवच आमच्या मनास पटेना. डाळ शिजण्यास वेळ नव्हता, तेव्हां सोयाबीनच्या दुधाचें पनीर, ज्यास तिकडे तोफू म्हणतात, त्याचे तुकडे घातले. मसाल्याची पुडी फोडलीच नाहीं. चिमूटभर मीठ, लिंबू व भाजलेले तीळ घालून दहा मिनिटांत वाडगा पुढें ठेविला.

“नाना, अळणी आहे हो,” चिरंजीव म्हणाले. पण वाडगा रिता केला.

पुढें पंधरा दिवस हाच क्रम चालला. आम्ही निघण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजीवांनीं आपण होऊन आलें किसावयास घेतलें. मसाल्याची पुडी मात्र फेकली नाहीं, खणांत ठेविली.