मामांच्या गाडीतली तबकडी

चंद्रपूरला आलेला पाहुणा महाकालीचे दर्शन घेतो, ताडोब्याला जातो, वाघ दिसला तर आनंदात आणि न दिसला तर वनखात्याला दोष देत परत फिरतो. गोंडपिपरीला मुद्दाम कोणी जात नाही. तेथे जायचे तर आपले कोणीतरी तेथे असावे लागते. माझे मामा आहेत. गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी मी त्यांच्याकडे निघालो, तेव्हा पिशवीत चिवड्याचा डबा होता आणि तीन तबकड्या होत्या.

तबकड्या म्हणजे सीडी. आमच्या घरात त्या वाजवायला आता काही उरलेले नाही. नव्या मोटारीत त्यासाठी फटच नसते. पण मामांची अ‍ॅम्बॅसडर अजून चालते आणि तिच्यात २००४ साली नागपूरहून बसवून आणलेला स्टीरिओही चालतो. त्याच वर्षी मामेभावाच्या लग्नात, हळदीच्या आदल्या रात्री, आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. कोणीतरी टेपरेकॉर्डर लावला होता. पुढे त्या कॅसेटची सीडी झाली आणि मामांच्या गाडीत बारा वर्षे वाजली. २०१६ साली आई गेली. त्यानंतर मामांनी ती लावली नाही, आणि लावावीशी वाटली तेव्हा ती वाजेना. मामांचा फोन आला, "बाबू, तुह्या मायची सीडी खराब झाली. दुसरी करून आन."

ती खराब का झाली हे मला नंतर समजले. दुकानात मिळते ती सीडी साच्यातून काढलेली असते. तिच्यावरचे बारीक खळगे कायमचे. आपण घरी राईट करतो तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. हा रंग उन्हाने बिघडतो. मामांची सीडी काचेजवळ, डॅशबोर्डवर पडून असे. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो.

एस.टी. बल्लारपूरला बरीच रिकामी झाली. एका अंगाला कागद कारखाना, दुसरीकडे लाकडाचा डेपो. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली सागवान गेले ते येथूनच, हे शेजारच्या गृहस्थांनी मला दोनदा सांगितले. जणू फळ्या त्यांनी स्वतःच मोजून दिल्या होत्या. कोठारीपासून जंगल दाटते. कन्हारगावचे अभयारण्य २०२१ साली याच भागात झाले. मग एकाएकी झाडी मागे हटते आणि कापणीला आलेले धान दिसू लागते. गोंडपिपरीत उतरलो तो झाडीपट्टीच्या नाटकाचे भलेमोठे फलक लागलेले. दिवाळी झाली की मंडई भरायच्या आणि रात्रभर नाटके चालायची. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईची मंडळी या नाटकांबद्दल विचारू लागली. येथल्या लोकांनी ती पाहण्यासाठी कोणाच्या पदव्यांची वाट पाहिली नव्हती.

जेवण झाल्यावर मामा गाडीत जाऊन बसले. मी पहिली सीडी काढली. तिचा मला अभिमान होता. आईच्या बावीस मिनिटांबरोबर अभंग, नाट्यगीते, भावगीते मिळून अकरा तासांचे गाणे मी तिच्यात भरले होते. स्टीरिओने ती आत घेतली, घरघर केली आणि 'एरर' दाखवून बाहेर काढली.

चूक माझीच होती. एम्‌पीथ्री म्हणजे आवाजाची घडी घालून ठेवणे. म्हणून सातशे एमबीत अकरा तास मावतात. नवी यंत्रे ती घडी उलगडतात. जुन्या स्टीरिओला ही विद्या नाही. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला पुरा आवाज त्याला समोर पसरून द्यावा लागतो, आणि तसा तो जास्तीत जास्त ऐंशी मिनिटांचाच मावतो.

दुसरी सीडी तशीच पसरून केलेली होती. पण ती मी संगणकाच्या सर्वांत जास्त वेगाने राईट केली होती, आणि वर आईचे नाव सुबक अक्षरांत लिहिलेला गोल कागद चिकटवला होता. बॅटरी तपासायला आलेल्या पोराने ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "सर, हे नोका टाकू. गरम झालं का कागद आत सुटते, मंग आख्खी मशीन खोलाव लागते." मी कागद सोलू लागलो. निम्मा निघाला, वरच्या पातळ थराचा पोपडाही त्याच्याबरोबर आला, आणि त्या सीडीचा प्रश्न तेथेच मिटला.

मामा काही बोलले नाहीत. काचेवरची धूळ फडक्याने पुसत राहिले. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "राहू द्या ना आता." तेव्हा मामा म्हणाले, "गाडी जुनी हाये, बहिरी नाही. अजून एक हाये ना त्याच्यापाशी?"

होती. चंद्रपुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्याने ती करून दिली होती. "जुना स्टीरिओ? मग ऑडिओ करू, आठच्या वेगाने राईट करू, शेवटी बंद करू. नाही तर तो वाचणार नाही. आणि वर काही चिकटवू नका," असे तो बोलतच होता. मला तो फार बोलका वाटला आणि मी त्याची सीडी पिशवीच्या तळाशी ठेवली होती. पोराने कापसाच्या बोळ्याने आतली काच पुसून दिली आणि मी ती सीडी फटीत सरकवली. घरघर झाली. मग थांबली. मग भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी खोकले आणि आई गाऊ लागली.

मामांनी गाडी सुरू केली आणि आष्टीच्या रस्त्याला लावली.

मी पंचवीस वर्षे मराठी शिकवतो. एम.ए. करीत असताना मी आईचे बोलणे दुरुस्त करीत असे. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो. डोळ्याचा डोरा आणि पाण्याचे पानी. मी टोके आणि ती निमूटपणे पुन्हा म्हणे. पुढे पुढे माझ्यासमोर ती मोजकेच बोले. आता वर्गात हीच बोली मी आदराने शिकवतो, तिच्या अभ्यासाचे दाखले देतो. आणि येथे, माहेरच्या ओट्यावर, मी आसपास नाही अशी खात्री असलेली माझी आई मोकळ्या गळ्याने 'डोरे' म्हणत होती, 'कारी माय' म्हणत होती, आणि दोन ओव्यांच्या मधे हसत होती. तिचे तसले हसणे मी आमच्या घरी ऐकलेले नाही.

मामा रस्त्याकडे बघत गाडी हाकत होते. एका ठिकाणी टेपमधलेच तरुण मामा म्हणाले, "अजून एक म्हन ना बाई," आणि या मामांचे ओठ हलले.

बावीस मिनिटे संपली तेव्हा आम्ही वैनगंगेच्या पुलावर होतो. पलीकडे आष्टी, गडचिरोली जिल्हा. खाली पात्र रुंद आणि शांत; पुढे चपराळ्याजवळ वर्धा तिला मिळते आणि दोघींचे नाव प्राणहिता होते. मामांनी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली. बराच वेळ आम्ही नुसते बसून होतो. मग त्यांनी गाडी वळवली. मी पुन्हा लावण्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो अडवला.

"नोको. येक डाव झाली ना. रोज रोज लावली तर घासंल."

सीडीवर सुई फिरत नाही. तिला फक्त प्रकाश शिवतो, आणि त्याने काही घासले जात नाही. हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. मामांनी सीडी बाहेर काढून आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि ऊन लागू नये म्हणून सीटखाली सरकवून ठेवली. परत येताना गोंडपिपरीपर्यंत नुसते इंजिन वाजत होते.