आयी आणि आई

मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर एका पालकांनी मला विचारलं, "चीनमध्ये घर भाड्याने कसं मिळालं हो तुम्हाला?" तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं. खरी गोष्ट आज सांगते.

इथे इंग्लंडला येण्याआधी आम्ही शांघायमध्ये होतो. २०१७ साली कंपनीचं घर सोडावं लागलं आणि आम्ही गुबे भागात घर शोधू लागलो. गुबे ही शहराच्या पश्चिमेकडची उच्चभ्रू वस्ती. जपानी, कोरियन, तैवानी कुटुंबं पुष्कळ. मधोमध फक्त पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता आणि दुतर्फा गिंकोची झाडं. थंडीच्या तोंडाशी ती पिवळीधमक होतात.

घरं पाहताना गमती कळत गेल्या. काही लिफ्टमध्ये ४ आकड्याचं बटणच नव्हतं, कारण चिनी भाषेत 'चार' आणि 'मरण' हे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरांना मागणी जास्त. उत्तर चीनसारखी घरं गरम ठेवायची सरकारी सोय शांघायला नाही, त्यामुळे हिवाळ्यात उन्हाचाच आधार!

शेवटी एक घर मनात भरलं. मालकीणबाई साठीच्या. आमची मुलगी तेव्हा ७ वर्षांची, तिथल्याच शाळेत जाणारी, त्यामुळे चिनी फाडफाड बोलायची. तीच आमची दुभाषी. तिने बाईंना "आयी" अशी हाक मारली. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी! मला हसूच आलं.

आयींनी विचारलं, "तुम्ही रोज मसाल्याचा स्वयंपाक करता का?" याच प्रश्नानंतर आधीच्या दोन घरमालकांनी नकार दिला होता. मी मुलीला मराठीत म्हटलं, "सांग, रोज नाही. कधीतरी." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग आयींशी बरंच काही बोलली. आयी हसल्या. घर मिळालं.

एका महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं आगाऊ, ही तिथली नेहमीची रीत. राहायला गेल्यावर २४ तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद केली. स्वयंपाकघरात पाहते तर नवी कोरी, मोठी चिमणी बसवलेली! म्हटलं, नशीब आपलं.

दोन वर्षं रोज फोडणी दिली. आयी येणार असल्या की खिडक्या उघडायच्या आणि उदबत्ती लावायची, हा माझा नेम.

२०१९ साली घर सोडताना अनामत बुडाली असंच मी धरून चालले होते. आयींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि सगळी रक्कम परत केली. मुलीने मराठीत सांगितलं, "आयी म्हणतात, तुम्ही रोज फोडणी देता हे कळलं म्हणूनच तर मी चिमणी बदलली. धूर आमच्याही कढईतून निघतोच की!"

मी मुलीला विचारलं, "तू तेव्हा काय सांगितलं होतंस?"

ती खाली बघत म्हणाली, "आई रोज फोडणी देते आणि रोज ओटा पुसते. दोन्ही खरंच होतं ना?"

मी ओशाळले. दोन वर्षं उदबत्त्या उगाच जाळल्या!

मुलांनो, परक्या देशात कधी ना कधी तुम्हीच आईबाबांचे दुभाषी होता. आम्ही घाबरून भलतंच सांगायला लावलं, तर आम्हाला हळूच मराठीत विचारा, "खरंच असं सांगू?"

– एक आई